वही पूर्ण हाय

पुणे,
४ जुलै २०२३

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? तुझ्या आईच्या, म्हणजे आत्याच्या, तेराव्याला साखरखेर्ड्यात भेटलो, त्याला चौदा वर्षं झाली. मी पत्र लिहायला हवं होतं. राहून गेलं.

कारण सांगते. बाबा शाळेत मास्तर होते तेव्हा तिथे टीव्हीला जोडायचा एक संगणक आला होता, आठवतो ना? आणि तू त्याच्यासाठी लिहिलेला तो छोटासा प्रोग्राम? फ्लॉपी वाचली जात असली की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा चौकोन, तिच्यावर काही लिहिलं जात असलं की लाल. इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा तो मी बरोबर आणला होता. शहाण्णव साली फुकट वाटायच्या प्रोग्रामांमध्ये टाकून दिला, 'राखण' असं नाव देऊन. शेखर, तो अजून वापरात आहे! तसले जुने संगणक दुरुस्त करून वापरणारी माणसं जगभर आहेत. पुण्यातही त्यांचं एक मंडळ आहे. नोव्हेंबरमध्ये ते एक सोहळा करताहेत आणि त्यात 'राखण'चं कौतुक होणार आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, तुझी ती प्रोग्रामची वही, असेल तर. अस्सल, झेरॉक्स नको. दुसरी, तुला हे सुचलं कसं ते सविस्तर लिहून पाठव. मोबाइलवर काही टाकू नकोस. कागदावर लिहिलेल्याची गोष्टच वेगळी.

आई माझ्याकडेच असते. काचबिंदूने नजर गेली, आता अक्षर दिसत नाही. आलेली पत्रं मीच वाचून दाखवते. तुझी फार आठवण काढते.

तुझी,
योगिनीताई


दुसरबीड,
१३ जुलै २०२३

ताईले शेखरचा नमस्कार.

तुह्यं पत्र पोस्टमननं दुकानात आणून देल्लं. माहं आता मोटार वायंडिंगचं दुकान हाय, दुसरबीडच्या स्टँडजवळ. मोटार सुरू झाली का नाई ते मी तिच्यावर तळहात ठेवून पाह्यतो. लोकं कानानं पाह्यतात, मी हातानं. मिक्सर, कुलर, पंप, समदं येते.

सुचलं कसं ते इचारलं तं सांगतो. फ्लॉपी चालू असली की पेटाचा तो मशीनच्या ड्राइव्हचा दिवा फुटला व्हता. तुमाले काही अडचण नोयती. आत फ्लॉपी फिरली की कर्र कर्र वाजते म्हणे, ते थांबलं की फ्लॉपी काढाची. मले काय ऐकू येते? सातव्या वर्षी तापात माहे कान गेले ते गेलेच. एक दिवस मामानं नववीचे समदे मार्क फ्लॉपीवर चढवले. मशीन अजून लिहूनच राह्यली व्हती अन् मी फ्लॉपी ओढून काढली. समदे मार्क गेले. मामानं काही मारलं नाई. वर्गातल्या पोरांपुढं उभं केलं अन् फळ्यावर लिहिलं, 'ज्याला ऐकू येत नाही त्याने यंत्राला हात लावू नये.' मले वाचता यावं म्हणून फळ्यावर लिहिलं. पोरं हसून राह्यले ते मी पाह्यलं.

मंग मी इचार केला, मशीनले माहित असते ना आपण लिहून राह्यलो म्हणून? तं तिनं मले डोळ्याले सांगावं. मॅन्युअल घेऊन बसलो. इंग्रजी येत नोयतं, मामीनं डिक्शनरी आणून देल्ली. तीन आठवडे लागले. पहिला लाल चौकोन दिसला तवा मी घरभर नाचलो. मामीनं गूळ-शेंगदाणे वाटले. मामा पाहून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेच्या कपाटाची चाबी माह्या हातात देल्ली.

वही रजिस्टरनं पाठवतो. मागच्या पानांवर एक मोठा प्रोग्राम हाय. तो चौकोन तं दाखवतेच, वरून नोंदही ठेवते, फ्लॉपीचा कोणता भाग किती खेपा वाचला, कोणता लिहिला. त्याचे दोन सुटे कागद कुठं तरी पेटीत हायेत, सापडले की पाठवतो. त्याच्याबिगर तो चालवू नको.

एक इचारतो. लोकं इतले वापरतात तं त्याच्यावर माहं नाव दिसते का? तू टाकलं असशीनच. मले पाहाचं व्हतं.

मामीले सांग, शेखर धडधाकट हाय.

शेखर


पुणे,
२८ जुलै २०२३

चि. शेखर,

वही मिळाली. मंडळातले लोक हरखून गेले. पेन्सिलने आखलेले ते चौकोन पाहून एकजण म्हणाला, ही तर पूजेत ठेवायची वस्तू आहे.

नावाचं वगैरे नंतर पाहू. त्या वेळच्या पद्धती वेगळ्या होत्या.

तुझा एक फोटो पाठव. दुकानातला चालेल, हात मोटारीवर ठेवलेला. सोहळ्याला यायचं मात्र मनात आणू नकोस. बोलणारे सगळे माइकवर बोलतील, तुला काही कळायचं नाही, उगाच हाल होतील.

योगिनीताई


दुसरबीड,
१९ सप्टेंबर २०२३

ताई,

इथं समता मॅडम म्हणून हायेत, शाळेवर संगणक शिकवतात. त्यांचा कुलर नेहमी माह्याकडं असते. काल त्या धावतच आल्या अन् मोबाइल माह्यापुढं धरला. म्हणे, शेखरभाऊ, हा फोटो तुमचाच ना?

फोटो माहाच व्हता. मोटारीवर हात ठेवलेला. खाली पेपरातली तुही मुलाखत. मी दोनदा वाचली. मंग समता मॅडमले लिहून इचारलं, मले हे बरोबर समजलं का? त्या खाली पाहत व्हत्या.

तू तिथं म्हटलं, 'माझा एक भाऊ बहिरा आहे. शिक्षण फारसं झालं नाही. एकदा फ्लॉपी खराब केली म्हणून त्याला वर्गापुढे उभं केलं. त्याचे हाल मला पाहवेनात. त्याच्यासाठी मी तीन आठवडे बसून राखण लिहिला. पहिला लाल चौकोन दिसला तेव्हा तो घरभर नाचला.'

ताई, हे माह्याच पत्रातलं हाय. माह्याच शब्दात हाय. फक्त मी हाव तिथं तू हायेस.

प्रोग्रामच्या सुरुवातीले कोणाचं नाव येते तेही समता मॅडमनं काढून दाखवलं. शहाण्णव सालापासून तुह्यंच येते.

हे चुकून झालं असंन तं तसं लिही. पेपरवाल्यानं बदललं असंन तं तसं लिही. मी मानतो. आपण एका ताटात जेवलो.

शेखर


पुणे,
३० सप्टेंबर २०२३

शेखर,

चुकून झालेलं नाही. तू विचारलंस म्हणून सरळ सांगते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको.

तुझ्याकडे राहिला असता तर तो प्रोग्राम पेटीत वाळवीने खाल्ला असता. तू दहावीला दोनदा बसलास. मी तो पुण्यात आणला, नाव दिलं, त्याची इंग्रजी माहिती लिहिली, येणाऱ्या पत्रांना सत्तावीस वर्षं उत्तरं दिली. पोर ज्याने वाढवलं त्याचं. लोकांना या गोष्टीत एक शहाणा आणि एक बिचारा लागतो. तुला बिचारा होण्याची सवय आहे, मला नाही. फोटोखाली किती जणांनी हात जोडलेत ते त्या मॅडमना विचार. इतकी माया तुला दुसरबीडच्या स्टँडवर कधी मिळाली होती का?

आणि तू सांगणार कोणाला? वही माझ्याकडे आहे. तुझं बोलणं घरच्यांना धड कळत नाही, तिथे सभेत कोणाला कळणार?

आता कामाचं. २६ नोव्हेंबरला सोहळा आहे. मंडळाने तशीच एक मशीन दुरुस्त केली आहे. मी वहीतला मोठा प्रोग्राम टाइप करून घेतला. एका जुन्या फ्लॉपीवर तो सगळ्यांसमोर चालवणार आहे. तू दोन सुट्या कागदांबद्दल लिहिलं होतंस. ते खरंच लागतात का, की वही पूर्ण आहे? सोबत पत्ता घातलेलं पोस्टकार्ड आहे. त्यावर एवढंच लिहून पाठव.

योगिनी


(पोस्टकार्ड)
दुसरबीड, ९-१०-२३

कागदांची गरज नाई. वही पूर्ण हाय. खुशाल चालव.

शेखर


पुणे,
३ डिसेंबर २०२३

शेखर,

ती फ्लॉपी बाबांची होती.

हे मी तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तू तिच्यावरही हक्क सांगितला असतास. शाळेने मशीन काढून टाकल्यावर बाबांनी ती घरी आणली आणि शेवटच्या वर्षात रोज दुपारी तिच्यावर काहीतरी लिहीत बसायचे, हे तुला ठाऊक आहे. ते गेले, मशीन बंद पडली, फ्लॉपी आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत राहिली. सव्वीस वर्षं. ती एकच होती. वाचायला मशीन नव्हती म्हणून कोणीच वाचली नव्हती.

आई पहिल्या रांगेत बसली होती. दिसत नाही, तरी सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार होती. मी मजकूर स्क्रीनवर आणून मोठ्याने वाचणार होते. त्याच वेळी कोपऱ्यात तुझा चौकोन लोकांना दिसणार होता.

पहिला मजकूर आला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला. मी वाचला. 'सत्यभामा, मी मुद्दाम या अक्षरांत लिहितो आहे. म्हणजे तुला वाचता येणार नाही आणि मला लाज वाटणार नाही. पस्तीस वर्षांत जे तुला बोललो नाही ते आता...'

पुढचं पान आणायला मी बटण दाबलं. चौकोन लाल झाला. तो लालच राहिला. लोकांना वाटलं हीच गंमत आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसत उभी होते. मंडळातल्या कुलदीपच्या लक्षात आलं, तो ओरडत धावला, फ्लॉपी काढा, फ्लॉपी काढा! त्याने ती उपसून काढली. पुन्हा घातली तेव्हा त्या तीन ओळीही उरल्या नव्हत्या.

आई म्हणाली, "थांबलीस का गं? पुढं काय लिहिलंय?"

मी म्हटलं, मशीन बिघडली.

तुला ठाऊक होतं का? मला उत्तर नकोय, मला कळलं आहे. हे पत्र मी आईसाठी लिहिते आहे. ती म्हणते, "शेखरकडं पाठव. त्यानंच केलेलं हाय ते, तोच दुरुस्त करंन." हो, तिला पहिल्यापासून माहीत आहे की प्रोग्राम कोणाचा. मुलाखतीबद्दल तिने मला एक शब्द विचारला नाही. फ्लॉपी सोबत आहे.

योगिनी


दुसरबीड,
६ जानेवारी २०२४

ती. मामीले शेखरचा साष्टांग नमस्कार.

मामी, हे पत्र तुमाले दुसरं कोणी वाचून दाखवंन, हे मले माहित हाय. ताईनंच वाचावं लागंन. तिले माही इनंती हाय, जसं लिहिलं तसंच वाच.

फ्लॉपी घेऊन मी शेगावले गेलो. तिथं फहीमभाई म्हणून हायेत, त्यायचा पहिले संगणकाचा क्लास व्हता, अजून जुन्या मशीनी ठेवून हायेत. त्यायनं मले अकरा दिवस घरी ठेवलं. झेबाभाभीनं दोन टाइम जेवू घातलं, एक रुपया घेतला नाई. मी फ्लॉपीचा कोपरा अन् कोपरा वाचला. लिहाचे चाळीस गोल फेर असतात तिच्यावर. अडतीस फेरांवर एकच गोष्ट हाय, माह्या प्रोग्रामची नोंद. इतल्या खेपा वाचलं, इतल्या खेपा लिहिलं, नुसते आकडे. बाकीच्या दोन फेरांवर मामानं काही लिहिलंच नोयतं, ते पहिल्यापासून कोरे. मामाचा एक शब्द राह्यला नाई. कोणी सांगितलं की निघते तं इस्वास ठेवू नका, निघत नाई.

आता दुसरं. मोठा प्रोग्राम नोंद लिहाले जागा शोधते. मी तवा लहान व्हतो, मले वाटलं ज्या फ्लॉपीवर काम चालू हाय तिच्यावरच लिहावं. मागून ध्यानात आलं की यानं तं फ्लॉपीवरचं समदं पुसलं जाईन. म्हणून दोन कागदांवर दुरुस्ती लिहिली, नोंदीसाठी दुसरी फ्लॉपी मागाची. ते कागद मले सप्टेंबरातच सापडले व्हते. ताईनं इचारलं तवा ते माह्यापुढं काउंटरवर पडून व्हते, त्यायच्यावर पाना ठेवेल व्हता. तरी मी पोस्टकार्डावर लिहिलं, वही पूर्ण हाय.

फ्लॉपी कोणाची ते मले माहित नोयतं. पण कोणाची तरी असंन हे माहित व्हतं. मले वाटलं, चार लोकांपुढं ताई उभी राहीन, अन् तिले काही सुधरणार नाई, अन् लोकं हसतीन. पोस्टकार्ड पेटीत टाकलं अन् त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुमी तिथं बसेल असान हे माह्या डोक्यात आलं नाई.

मी पत्र सुरू केलं तवा ठरवलं व्हतं की लिहीन, फ्लॉपी जुनी व्हती, बुरशी लागली व्हती. तुमी मानलं असतं. म्हणूनच लिहिलं नाई.

मले माफ करा असं मी म्हणत नाई. तुमी मले डिक्शनरी आणून देल्ली नसती तं हे झालंच नसतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. तेही सांगून टाकतो.

तुमी बलावलं तं येतो. नाई बलावलं तं येत नाई.

शेखर


पुणे,
११ फेब्रुवारी २०२४

शेखर,

तुझं पाकीट आईच्याच हाती पडलं. दोन बोटांत धरून म्हणाली, "जाडजूड हाय. बरंच निघालं वाटते." खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "वाच."

मी तुझं पत्र मनात वाचलं. ती वाट पाहत होती. मग मी वाचायला सुरुवात केली. तू लिहिलेलं नाही. बाबांनी काय लिहिलं असतं ते, जसं सुचेल तसं. साखरखेर्ड्यात बिऱ्हाड केलं तेव्हाचं. ती पहिल्यांदा शाळेच्या कार्यक्रमाला आली तेव्हाचं, हिरव्या लुगड्यात. तिच्याशी धड कधी बोललो नाही याचं. तुझी चार पानं होती म्हणून चार पानं वाचली. मधे मधे ती हसत होती. एकदा म्हणाली, "हे त्यायच्या ध्यानात राह्यलं व्हतं?" मला वाटलं, जमलं. मला वाटलं, तुझ्या खोटेपणापेक्षा आणि तुझ्या खरेपणापेक्षाही हे बरं आहे.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाली, "ते पुन्हा वाच."

मी कागद घेऊन बसले. शब्द आठवेनात. समोर तुझं अक्षर, फ्लॉपीचे चाळीस फेर, नुसते आकडे. मी बोलत गेले. लुगडं जांभळं म्हणाले.

आई म्हणाली, "काल हिरवं व्हतं."

मी म्हटलं, माझी वाचायची चूक झाली.

तिने हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिले. एकेका पानावरून तिने बोटं फिरवली, चारही पानं नीट लावली, घडी घातली आणि मला परत दिली. "झालं वाचून," म्हणाली.

त्यानंतर तिने विचारलेलं नाही. फ्लॉपीचं नाही, बाबांचं नाही, तुझंही नाही. वेळेवर जेवते, वेळेवर औषध घेते. मी काही वाचायला घेतलं, साधं वर्तमानपत्र जरी घेतलं, तरी म्हणते, "राहू दे, तुझा घसा दुखंन."

तुझ्या पत्रात काय आहे ते तिला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. सांगितलं तर तिच्या हातून तूही जाशील, आणि मग ज्याच्याकडे पाठवून द्यावं असं तिला कोणीच उरणार नाही. तुझी दया येते म्हणून नाही. तिच्यासाठी.

प्रोग्रामवरचं नाव तसंच आहे. ते मी बदलणार नाही. वही मंडळाच्या काचेच्या कपाटात आहे, तिथून काढायची तर सगळ्यांना सगळं सांगावं लागेल.

तू येऊ नकोस. आणि पत्रही पाठवू नकोस. दाराशी काही पडल्याचा आवाज झाला की ती उठून बसते.

योगिनी